वळचण, घोंगडं आणि खांदेपालट

मंत्रिमंडळात खांदेपालट होणार. पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजतच. अमुक नेता सत्ताधाऱ्यांच्या वळचणीला. असे मथळे मराठी वर्तमानपत्रात कुठल्याही आठवड्यात सापडतात आणि लोणावळ्याच्या फलाटावर पेपर चाळणारा वाचक ते एका दमात वाचून पान उलटतो. तिन्हींचा अर्थ त्याला बिनचूक कळलेला असतो. पण पालखीचे भोई खांदा कसा बदलतात, भिजलेलं घोंगडं किती जड होतं, वळचण म्हणजे घराचा नेमका कोणता भाग, असं विचारलं तर उत्तर येईलच याचा भरवसा नाही. अर्थ हाताशी राहिला आणि वस्तू नजरेआड झाली. वाक्प्रचारांचा खरा अभ्यास इथून सुरू होतो.

ती वस्तू अजून दाखवता येते, किंवा निदान तिची जागा तरी दाखवता येते, असे काही मुलूख महाराष्ट्रात उरले आहेत. मावळ हा त्यांतला एक. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही नावं आजही इथल्या माणसाच्या तोंडी आहेत. पवना, इंद्रायणी आणि आंद्रा या नद्यांची ही खोरी. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा तुटतो तिथे खंडाळा-लोणावळा आणि बोरघाट. या घाटवाटेची रहदारी कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोरली गेली तेव्हापासूनची आहे. पुढे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले तिच्यावर नजर ठेवून राहिले, मग रेल्वे आली, नंतर द्रुतगती महामार्ग. धो धो पाऊस, भाताची शेती, अवघड घाट आणि फौजांची ये-जा या चारही गोष्टी एका तालुक्यात सापडतात आणि मराठीतल्या वाक्प्रचारांचा मोठा साठा नेमका याच चौघांच्या संगतीत घडला आहे. पुढे येणारे शब्दप्रयोग फक्त मावळात जन्मले असा दावा इथे नाही. ते साऱ्या महाराष्ट्राचे आहेत. मात्र त्यांच्यामागची वस्तू हातात घेऊन पाहायची तर मावळाइतकी सोयीची जागा क्वचित मिळेल.

पावसापासून सुरुवात करावी हे उत्तम. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला 64 किलोमीटरवर असलेल्या पुण्यात साधारण 700. हा पाऊस घराच्या बांधणीत उतरलेला आहे. छपराचा माथा म्हणजे आढं. आढ्यावरून दोन्ही अंगांनी कौलं उतरत येतात आणि भिंतीच्या बाहेर हात-दीड हात झुकतात. तो झुकलेला भाग आणि त्याच्या खालची अरुंद कोरडी पट्टी, ती वळचण. आषाढातल्या सरीत तिथे भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की समोर पागोळ्यांचा पडदा लागतो, डोकं कोरडं राहतं आणि पाय शिंतोड्यांनी भिजत राहतात. वळचणीतल्या माणसाला घरात कोणी बोलावलेलं नसतं आणि बाहेर कोणी हाकललेलंही नसतं. दुसऱ्या पक्षाच्या वळचणीला गेलेल्या पुढाऱ्याची अवस्था याहून नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. ‘आश्रय’ म्हटलं तर त्यात पाहुणचाराचा मान येतो, ‘लाचारी’ म्हटलं तर निंदा येते. वळचण त्या दोहोंमधलं अंतर अचूक पकडते.

याच छपरातून आणखी एक म्हण आली. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. कौलारू घर पाहिलेल्या माणसाला हिचा अर्थ सांगावा लागत नाही, कारण पाण्याची दिशा त्याला पाठ असते. स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलाला मात्र आढं आणि वळचण हे दोन्ही शब्द आधी समजावून द्यावे लागतात आणि समजावून दिलेली म्हण मग पुरती वापरात राहत नाही.

घोंगड्याचं तसंच. मेंढीच्या लोकरीचं जाड, काळं विणकाम. त्याला चिंचोक्याची खळ देऊन ताठपणा आणतात. डोंगरातल्या धनगरवाड्यांवर आणि खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी ते अंथरूण, पांघरूण आणि पावसातलं छत्र अशी तिन्ही कामं करायचं. लोकर पाणी चटकन आत घेत नाही, म्हणून डोक्यावरून खोळ केलेलं घोंगडं बराच वेळ माणसाला ऊब देतं. पण एकदा का ते आतपर्यंत भिजलं की पिळता येत नाही, दोरीवर टाकलं तर दोरी लोंबते, आणि मावळात आषाढ-श्रावणात ऊन कुठलं? चुलीच्या वर टांगावं तर धूर लागतो. काम अंगावर घेतलेलं आहे, टाकून देता येत नाही आणि पूर्णही होत नाही, ही ‘भिजत घोंगडं’ या दोन शब्दांतली सगळी कुचंबणा त्या ओल्या लोकरीच्या वजनातून आली आहे. सरकारी फायलीला हा वाक्प्रचार चिकटला तो काही उगीच नाही. ‘तिथं त्याचं घोंगडं अडकलंय’ असं म्हणतात तेव्हाही माणसाची किमतीची, निघताना मागे टाकून जाता न येणारी वस्तू म्हणूनच घोंगडं समोर येतं.

पावसाला इथे नातीसुद्धा आहेत. पुनर्वसू नक्षत्रातला तरणा पाऊस, पुष्यातला म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. वेगवेगळ्या स्वभावांच्या सरी घरातल्या माणसांच्या नावांनी ओळखायची ही पद्धत शेतकऱ्याच्या कामाची होती. कोणत्या पावसात आवणीची घाई करायची आणि कोणत्या पावसाची वाट पाहायची, याचं ते लक्षात ठेवण्याजोगं वेळापत्रक होतं.

भाताच्या खाचराकडे वळलं की वाक्प्रचारांची गर्दीच होते. आवणी झाल्यावर खाचरात पाणी ठरावीक उंचीवर उभं राहिलं पाहिजे. ते अडवणारा मातीचा बांध कमरेइतकाही नसतो, पण त्याच्यावर वर्षाचं धान्य अवलंबून असतं. कधी असं होतं की पाऊस चांगला चालू आहे, बांध वरून धडधाकट दिसतो आहे आणि खाचरातलं पाणी मात्र उतरत चाललं आहे. बांधाच्या पोटात खेकड्यानं बीळ केलेलं असतं. मग शेतकरी बांधाच्या खालच्या अंगानं वाकून चालतो, कुठे माती जास्त ओली लागते ते हातानं चाचपतो, आणि जागा सापडली की गवत-माती ठासून ती बुजवतो. ‘इथं कुठंतरी पाणी मुरतंय’ या संशयाच्या बोलण्यात हा सगळा शोध भरलेला आहे. वर काही दिसत नाही, हिशेब मात्र जुळत नाही आणि खरी गोम खालच्या अंगाला आहे. तोच बांध एखाद्या रात्री जोराच्या पावसात फुटला तर क्षणात सारं पाणी एकदम निघून जातं. अश्रूंचा बांध फुटतो, संयमाचा बांध फुटतो, तो हाच. मोठ्या धरणाची भिंत या वाक्प्रचाराच्या मागे कल्पू नये. वर्षानुवर्षं हातानं लिंपलेला मातीचा बांध मनात आणला तरच त्यातली जवळीक कळते.

भात घरात आला की उखळ आणि मुसळ. कांडताना साळीचं टरफल निघतं, मग तांदळाचा कोंडा सुटतो आणि त्याच्या पिठीनं उखळ आतून पांढरं होतं. ज्या घरी कांडायला तांदूळ आहे त्याचंच उखळ पांढरं होणार, म्हणून उखळ पांढरं होणं म्हणजे भरभराट होणं. मुसळाच्या जाडीची धार ती मुसळधार. इतक्या श्रमानं केलेलं सगळं वाया गेलं की मुसळ केरात. आज कांडण भातगिरणीवर होतं. मावळातल्या कित्येक घरांत उखळ अंगणाच्या कडेला पडून आहे. बोलण्यात मात्र ते रोज पांढरं होतं.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मात्र अजून रोजच्या रोज चुलीपाशी खरी होते. बोटांच्या चिमटीत शीत दाबायचं, आत कणी लागली तर भात अजून कच्चा. मावळच्या भाताला इंद्रायणीचं नाव मिळालं ते वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रामुळे. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेलं हे वाण 1987 साली शेतकऱ्यांपर्यंत आलं. या वाणाचा भात मऊ आणि चिकट असल्यानं त्याचं शीत चिमटीत धरताना जास्त नेमका हात लागतो, हे कामशेत-वडगावच्या कुठल्याही स्वयंपाकघरात कळेल.

वस्तू विसरली की वाक्प्रचार कसा चुकीच्या वाटेला लागतो याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ‘बैल गेला आणि झोपा केला’. शहरात ही म्हण ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यात झोप दिसते. बैल चोरीला गेला आणि मालक झोपून राहिला, असा काहीसा अर्थ ते लावून घेतात. झोपा म्हणजे गोठ्याचं, काठ्याकुड्यांचं विणलेलं दार. बैल निघून गेल्यावर दार बसवलं, असं ती म्हण सांगते. मावळच्या डोंगरात कारवी उदंड होते, आठेक वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या उभ्या बांधून, शेणामातीनं लिंपून घराचे कूड आणि गोठ्याची दारं करत. झोपा करायला अर्ध्या दिवसाचं काम आणि रानातलं फुकटचं सामान, एवढंच लागतं. इतकी सोपी गोष्ट वेळेवर केली नाही, हा म्हणीतला खरा टोला आहे. झोपेचा अर्थ लावला की तो टोला हरवतो.

आता घाटाकडे. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची रेल्वे 1858 साली सुरू झाली. मुंबईकडून आलेली गाडी त्याआधीच घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत पोहोचली होती. मधला बोरघाट मात्र रुळांविना होता, त्यामुळे सुमारे 5 वर्षं प्रवासी घाटाच्या एका टोकाला गाडीतून उतरायचे आणि पालख्या, तट्टं, बैलगाड्या यांतून चढण पार करून दुसऱ्या टोकाला पुन्हा गाडीत बसायचे. पालखीचा दांडा एकाच खांद्यावर फार वेळ राहू शकत नाही. भोई चालता चालता, पालखी न टेकवता आणि आतल्या माणसाला हिसका न बसू देता खांदा पालटतात. पालखीतला माणूस तोच, वाटही तीच; फक्त भार वाहणारे खांदे बदलतात. मंत्रिमंडळाच्या फेरबदलाला खांदेपालट म्हणणाऱ्या पहिल्या माणसानं ही गोष्ट नीट पाहिलेली असावी. ‘दुसऱ्याच्या पालखीचे भोई’ हा टोमणाही त्याच वाटेवरचा. कार्ल्याच्या डोंगरावर चैत्रात एकवीरा आईची पालखी निघते तेव्हा खांदा देण्यासाठी कोळी भाविकांची जी चढाओढ होते, ती पाहिली की याच कामाला श्रद्धेचा मानही आहे हे ध्यानात येतं. एकाच दांड्याखालून मान आणि अपमान असे दोन्ही अर्थ निघाले.

1863 साली घाटातला लोहमार्ग खुला झाला. सुमारे 25 किलोमीटरच्या टप्प्यात 550 मीटरहून जास्त चढ, 25 बोगदे आणि 8 मोठे पूल. 1861च्या सुमारास या कामावर 42,000च्या वर मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवून काम पार पाडलं. या लोहमार्गानं मराठीला गाडी रुळावर येणं, रुळावरून घसरणं, हिरवा कंदील मिळणं अशी नवी शिदोरी दिली. त्यातल्या हिरव्या कंदिलाची कथा थोडी वळणाची आहे. इंग्लंडच्या सुरुवातीच्या रेल्वेत रस्ता मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा ही होती आणि हिरवा दिवा ‘जपून’ असं सांगायचा. हिरव्याला परवानगीचा अर्थ पुढे मिळाला. मराठीनं मात्र नुसता दिवा न घेता कंदील उचलला, म्हणजे गार्डाच्या हातातला, वर धरून दाखवायचा. म्हणून मराठीत हिरवा कंदील ‘दाखवतात’. परवानगी देणारा माणूस त्या वाक्प्रचारात अजून उभा आहे.

इतिहासानं दिलेले वाक्प्रचार जास्त प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्याबाबत जास्त सावध राहायला हवं. राघोबादादा या एका माणसाभोवती मराठीत दोन मोठे वाक्प्रचार जमले. 1758 साली त्यांच्या उत्तरेकडच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या आणि ‘अटकेपार झेंडा लावणं’ हे पराक्रमाचं माप ठरलं. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याच्या लोककथेतून ‘ध चा मा करणं’ आलं. त्या खुनानंतरच्या भाऊबंदकीचा एक शेवट मावळात झाला. इंग्रजांची मदत घेऊन राघोबादादा पुण्याच्या गादीसाठी निघाले, 1778च्या अखेरीस ती फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली, आणि महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांनी तिची रसद तोडून, वाटेवरची गावं व चारा जाळून तिला हैराण केलं. तळेगावला पोहोचलेल्या इंग्रजांना जळलेलं गाव मिळालं. माघार घेताना वडगावला त्यांची कोंडी झाली आणि जानेवारी 1779मध्ये तिथेच तह लिहून द्यावा लागला. रसद तोडणं आणि कोंडी करणं हे आज निवडणुकीच्या बातम्यांतले शब्द आहेत. वडगावच्या माळावर ते चारा, पाणी आणि वाट यांच्याबद्दल होते.

त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ 4 जानेवारी 1779 रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं मारला गेला. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि वडगावात त्याची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे. शत्रूच्या अधिकाऱ्याला धाडसाची पदवी देणं, तीही त्याचं नाव आपल्या तोंडाला बसेल असं वळवून, हा त्या काळच्या मनाचा मोठेपणा होता. फाकडा हा शब्द पुढे तलवारीकडून पोशाखाकडे सरकला. आता फाकडा गडी म्हणजे रुबाबदार, देखणा तरुण.

सावधगिरी का हवी, ते ‘संक्रांत कोसळणं’ या प्रयोगावरून दिसेल. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761ला झाली, तो संक्रांतीचा दिवस, म्हणून मराठीत संक्रांत म्हणजे संकट, असं अनेकदा सांगितलं जातं. हकीकत ऐकायला पक्की वाटते. पण इंग्रजी तारखांच्या हिशेबानं संक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्याची तारीख आहे 12 जानेवारी 1863. त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येत होती, म्हणजे पानिपतच्या दिवशी ती उलटून गेलेली होती. या प्रयोगाचं मूळ पंचांगातल्या संक्रांतीच्या वर्णनात शोधावं. ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणत्या दिशेला पाहते, काय नेसली आहे, यावरून कशाकशाचा नाश होणार ते तिथे सांगितलेलं असतं. ‘अमक्यावर संक्रांत आली’ हे त्या फलश्रुतीचं साधं मराठी रूप. पानिपतनं भाषेला जे दिलं ते वेगळंच आणि निर्विवाद आहे: पानिपत होणं, आणि विश्वासरावांच्या नावावरची, विश्वास पानिपतात गेल्याची म्हण.

अशा शोधाची साधनं मराठीत चांगली आहेत. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली सुधारून वाढवला गेला. त्यात गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड हे कळतं आणि ‘गाशा गुंडाळणं’ डोळ्यांसमोर येतं. आल्फ्रेड मॅनवेरिंगचा मराठी म्हणींचा संग्रह 1899 साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. वा. गो. आपटे यांचं संप्रदाय आणि म्हणींचं पुस्तक 1910 सालचं. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश 1942 ते 1947 या काळात दोन भागांत आला आणि त्याला तोड नाही. या मंडळींनी ज्या काळात नोंदी केल्या तेव्हा उखळ, गाशा, झोपा या वस्तू वाचकाच्या घरात होत्या, म्हणून त्यांनी बहुतेक ठिकाणी अर्थ दिला आणि वस्तूचं वर्णन सोडून दिलं. आजच्या अभ्यासकानं भरायची जागा तीच आहे.

एक वाक्प्रचार तर या मुलुखाच्या नावाचाच झाला आहे. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखात या प्रदेशाचं नाव ‘मामाल’ असं येतं आणि मावळ हे त्याचंच पुढचं रूप मानलं जातं. लोक मात्र सूर्य मावळतो ती दिशा म्हणून मावळ असं सांगतात. इथला रहिवासी तो मावळा. शिवाजी महाराजांच्या पायदळात या खोऱ्यांतली माणसं आली आणि पत्ता सांगणारा शब्द निष्ठा सांगू लागला. 1921 साली शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तेव्हा जमिनीसाठी उभा राहिलेला शेतकरी मावळाच म्हणवला गेला. आज विदर्भातला किंवा परदेशातला मराठी तरुणही स्वतःला मावळा म्हणवतो. नेमक्या याच डोंगराच्या माणसाला मुंबईत मात्र दुसरं नाव पडलं. घाट उतरून गिरण्यांत आणि गोदीत राबायला गेलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून हिणवलं गेलं, आणि ती हेटाळणी अजून पुरती गेलेली नाही. दोन्ही शब्दांत डोंगर तोच आहे. एक त्या माणसानं वर राहून मिळवला, दुसरा त्याच्या गरिबीवर खालून लादला गेला. वाक्प्रचारांच्या पुस्तकात या दोन्ही शब्दांना शेजारी शेजारी जागा द्यायला हवी.

म्हणून पुढील पानांत वाक्प्रचार अकारविल्हे न लावता ते ज्या कामातून आले त्या कामाशी बांधून ठेवले आहेत: छप्पर शाकारणं, आवणी, कांडण, मेंढपाळी, पालखी, फौज, रेल्वे. प्रत्येकाबरोबर वस्तू कशाची करत, कोण करत आणि कोणत्या महिन्यात वापरत याची नोंद आहे. ही माहिती कोशापेक्षा माणसांकडे जास्त आहे. आंदर मावळात अजून आवणीला जाणाऱ्या बायका, कौलं चाळणारे सुतार, घोंगडी विणणारी घरं, आणि कार्ल्याच्या पायऱ्यांवर दांडा खांद्यावर घेणारी मंडळी यांना विचारलं की ती माहिती मिळते. त्यांच्यापैकी अनेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि आवणीचे दिवस वर्षातून एकदाच येतात.